लाईट गेली की दुर्वा उठते

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीच्या ऑर्डरचे टॉवेल. खालचे चारही माग सकाळी सातपासून चालू. वर आमच्या खोलीत फडताळातल्या वाट्या नाचतात. दुपारी लाईट गेली. दुर्वा गादीवर गाढ झोपलेली. माग थांबले तशी डोळे उघडले, हात वर केला, पंजा पसरला आणि मिटला. लाईट गेली. त्याची ही कारखान्यातली खूण. सासूबाई खूश. "बघ की, कान कसे तिखट हायेत. माग बंद पडलेला झोपेत कळतोय पोरीला."

जानेवारीत तीन पूर्ण होतील. अजून एक शब्द नाही. पेठेतले डॉक्टर म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात. मामा, म्हणजे सासरे, म्हणतात महेशपण चार वर्षांचा होईपर्यंत मुकाच होता. आता तरी कुठं बोलतो माझा नवरा, असं अगदी ओठावर आलेलं. गिळलं.

तरी हिला कळत नाही असं काही नाही. खाली मागांच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही, म्हणून सगळे हातानं आणि ओठांनी बोलतात. वर आले तरी तीच सवय. सुताची तार तुटली, चहा, चल, थांब, कोण आलंय, सगळ्याला खूण आहे. दु.ला सगळ्या येतात. लग्न होऊन आले तेव्हा मला शिकायला सहा महिने लागले होते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. मंद्रूप

कालच माहेरी आले. भावाला ओवाळलं. चकल्या मऊ पडल्यात, आई मान्य करत नाही.

दु. दुपारची झोपतच नाही इथं. डोळे चोळते, कूस बदलते, किंचाळते. रात्री दमून पडली तेव्हा कुठं झोपली. तिकडं आमच्या घरी दिवसा आमचे माग, रात्री शेजारच्या कारखान्याची पाळी, भिंत एकच. आई म्हणाली, जागा बदलली की पोरं असंच करतात.

२४ ऑक्टो.

सकाळी आबा, माझे वडील, मेंढरं सोडत होते. दु. पुढं काठी घेऊन एका कोकराच्या मागं. आबांनी हाळी दिली. मी भांडी घासत होते, बघितलं नीट. परत दिली. मग तिच्यापाठी जाऊन टाळी वाजवली, कानाशी. मला वाटलं खेळतायत.

दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर आले.

"रेश्मे, पोरीला ऐकू येत न्हाय."

म्हटलं, येतं की. माग बंद पडला की झोपेतनं उठते.

"हितं कुटं माग हायेत? सकाळी मी हाळी दिली. पन्नास मेंढरं वळली. ही न्हाय वळली. दोन येळा दिली. एकांदं कोकरू निघतं असं, आई हिकडं वरडत असती, ते तिकडं जातंय. मला वळखू येतं. तू रागावू नको."

रागावले. माझी पोरगी काय तुमचं कोकरू आहे का, असं म्हणाले. आबा उठून गेले. जेवायला बोलवायला गेले तर मेंढरांच्या जाळीपाशी नुसतेच उभे.

२५ ऑक्टो.

सगळे रानात गेल्यावर दु.ला पाठमोरी बसवलं. पुढं बोरं ठेवली. मागं ताट-लाटणं घेऊन उभी राहिले. वाजवलं. जोरात वाजवलं. शेजारच्या काकू बघायला आल्या. दु. बोरं खात होती.

मग वरवंटा जमिनीवर टाकला. लगेच वळली.

परत टाकला. परत वळली. हसली, तिला खेळ वाटला.

म्हणजे जमीन. पाय, पाठ. माग चालू असला की फरशी हलते, थांबला की हलायची थांबते. तीन वर्षं आम्ही त्यालाच ऐकणं म्हणत होतो.

रडू येईल म्हणून वाट बघितली. आलं नाही. दुपारी दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा मागून घेतला.

२७ ऑक्टो., भवानी पेठ

परत. म.ला गच्चीवर नेऊन सांगितलं, दुसरीकडं बोलताच येत नाही. म्हणाला, "तुझ्या वडलांना मेंढरातलं कळतंय." म्हटलं, तुला कशातलं कळतंय ते सांग.

मामांनी लगेच परीक्षाच घेतली. दु. मोरीपाशी पाठमोरी बसलेली. मामा दारातून ओरडले, "दुर्वाऽ!" आणि पाय आपटला. वळली. "झालं समाधान?" म्हटलं, पाय न आपटता हाक मारा. मारली. मग अजून मोठ्यानं. मग खाली गेले आणि माग चालू केला.

आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) दृष्ट काढायला बसल्या. काढू दे.

२९ ऑक्टो.

दोन दिवस म. आणि मी बोललेलो नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. या घरात हातावर सगळं भागतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सरकारी दवाखाना, कानाचा विभाग. बेरा म्हणतात त्या तपासणीला. मूल झोपलेलं लागतं, कपाळाला आणि कानामागं वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात, मेंदूपर्यंत पोचतो का ते मशीन बघतं. मुलाला काही सांगावं लागत नाही, दुखत नाही. झोपेचं औषध दिलं. बाकीची दोन मुलं दहा मिनिटांत आडवी. आमची टक्क जागी. खोलीचं दार चांगलं वीतभर जाड, आत चिडीचूप. मी समजले. तिला मांडीवर आडवी घेतली, टाचा उचलून दोन्ही गुडघे हलवत राहिले, खटक खटक, आमच्या दोन नंबरच्या मागाच्या चालीनं. पाच मिनिटांत झोपली.

तपासणीच्या मॅडम तरुण आहेत, माझ्याच वयाच्या असतील. "हे कुठं शिकलात?" म्हटलं, घरी माग आहेत. तपासणी होईपर्यंत पोटऱ्यांत गोळे आले.

फॉर्म भरताना विचारलं, घरात अजून कुणाला कमी ऐकू येतं का. म्हटलं, नाही. म. शेजारीच बसलेला. मॅडमनी त्याला त्याचं वय विचारलं. "आं?" परत विचारलं. "काय म्हणालात?" मॅडमनी पेन थांबवून माझ्याकडं बघितलं.

७ नोव्हें.

दोन्ही कान. दोष फार जास्त. कागदावर आडवी रेघ वर हवी, हिची अगदी तळाला.

जन्मल्यावर कान तपासले नव्हते का? नाही. कुणी सांगितलंच नाही, आम्हीही विचारलं नाही. मग इतके दिवस लक्षात कसं नाही आलं? रागावून नव्हे, नुसतंच विचारलं मॅडमनी.

म्हटलं, आमच्या घरी सगळेच हातानं बोलतात.

मॅडम म्हणाल्या, "तुमची चूक धरू नका. पण आता उशीरही करू नका. मेंदू आवाज ओळखायला शिकतो तो याच वयात."

चूक धरू नका म्हणे. मग कुणाची धरू? तिच्यासाठी पाळण्यावर खुळखुळा मीच टांगला होता. तो फिरताना दिसला की हसायची. मी म्हणायचे, आवाज आवडतो हिला. लाज वाटते मला. एवढंच वाटतं, बाकी काही वाटत नाही.

११ नोव्हें., मंगळवार

मॅडमनी म.लाही बोलावलं होतं. काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. बराच वेळ नुसताच बसलेला, बटणावर अंगठा ठेवून, शाळेत उत्तर येत नसल्यावर बसतात तसा.

बारीक, वरच्या पट्टीतले आवाज गेलेत. मागांमुळं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. कापसाचे बोळे चालत नाहीत, कान पूर्ण झाकणारे मिळतात ते घाला, घरातल्या सगळ्यांनी. मामा-आत्यांनाही घेऊन या म्हणाल्या. दुर्वाचं मात्र जन्मापासूनचं आहे. मागांमुळं नाही.

येताना म.नं गाडी मध्येच थांबवली. म्हणाला, "मला वाटायचं तूच हळू बोलतीस, मुद्दाम." मला वाटायचं हा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. चार वर्षं भांडलो त्यावरून. उसाचा रस प्यायलो दोघं.

२६ नोव्हें.

दु.ला कानाची मशीनं मिळाली. दोन. गुलाबी. घरी आल्यावर तासाभरात दोन्ही काढून तांदळाच्या डब्यात टाकली. शोधायला अख्खी दुपार. दोनेक महिने घालून बघायचं, फरक पडला तर ठीक, नाही तर ऑपरेशनचा विचार.

मॅडमनी घराची सगळी चौकशी केली. मागांच्या आवाजात मशीन घालून उपयोग नाही, मशीनला काय हवं आणि काय नको हे कळत नाही, सगळंच मोठं करून कानात ओततं.

म्हटलं, आमच्या घरात मागांचा आवाज नसलेली जागा नाही. कागदावर काही तरी लिहिलं त्यांनी.

४ डिसेंबर, गुरुवार

शिकवणीचा पहिला दिवस. तिची आणि माझी. मॅडम म्हणाल्या खुणा वाईट नाहीत, पण हिच्याकडं सगळं डोळ्यांतून जातंय, कान वापरायची तिला गरजच पडत नाही. म्हणून रोज ठरावीक वेळ तरी हात न हलवता बोला. पाठीमागून, कानाजवळ. आधी आवाज.

घरी सांगितलं. आत्या कांडीवर सूत भरता भरता थांबल्या. "म्हंजे मी तिच्याशी बोलायचंच न्हाय व्हय?"

म्हटलं, तोंडानं बोला की.

"तोंडानं तिला कुटं कळतंय?"

काय सांगणार? खरंच आहे ते. आत्यांनी तर दु.साठी वेगळ्या खुणा काढल्यात, कारखान्यात नसलेल्या. मांजर. चंद्र. बोर. आणि गालाला दोन बोटं लावली की मी. आई.

११ डिसें.

शिकवणीच्या वेळात आत्या हात पदराखाली घेऊन बसतात. दु. पदर ओढते. तिला वाटतं आजीनं हातात काही तरी लपवलंय.

१५ डिसें., सोमवार

भांडण झालं. म्हटलं, दुसरीकडं खोली बघू, माग नसतील तिथं. म. कामापुरता इथं येईल. मामा म्हणाले, "माझ्या नातीला माझ्या घरात जागा न्हाय का?" म्हटलं, जागा आहे, आवाज आहे ना. मामांना नीट ऐकू गेलं नाही. परत मोठ्यानं म्हटलं. परत नाही. तिसऱ्यांदा हातानं सांगितलं. तेव्हा कळलं त्यांना.

नंतर मीच खुळ्यासारखी हसले मोरीत.

१६ जानेवारी

गड्ड्याची जत्रा. होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला गेलो. दु. बापाच्या खांद्यावर, दोन्ही मशीनं कानात, वरून माकडटोपी. परवाच तीन पूर्ण झाली. मोठा बार झाला, आजूबाजूची सगळी पोरं कानांवर हात. आमची नाही. हिनं तळहात छातीवर ठेवला, खाली वाकून माझ्याकडं बघितलं आणि हसली. छातीत धडधडलं तिच्या, ते मला दाखवत होती.

म.नं बघितलं. उतरवून कडेवर घेतली, घरी येईपर्यंत खाली ठेवली नाही.

२१ जाने., बुधवार

मशीनांचा पुरेसा उपयोग नाही. मॅडमनी सरळ सांगितलं. पुढं ऑपरेशन. कानामागं कापून आत एक यंत्र बसवायचं, बाहेरून दुसरं लावायचं. सरकारी योजनेत बसतं, वयाची अट आहे, लवकर करा.

म.नं विचारलं, मग लगेच ऐकू येईल?

नाही. आधी सगळा गोंगाटच वाटेल. त्यातलं कुत्रं कुठलं, आईची हाक कुठली, हे शिकायला काही वर्षं. रोज. "आणि घरात शांतता लागेल," माझ्याकडं बघून म्हणाल्या. बोलेलच असं लिहून देता येत नाही. पण बहुतेक मुलं शिकतात, जितकं लवकर तितकं चांगलं.

फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात. मी तिथंच केली. म. म्हणाला, घरी नेतो.

२३ जाने.

म.नं सही नाही केली अजून. "डोक्याला भोक पाडून घ्यायचं, तेबी बोलेलच असं न्हाय. अशीच खूश आहे की ती."

आहे. तेच तर. अख्ख्या पेठेत तिच्याइतकं खूश कुणी नाही. पण उद्या शाळेत कोण बोलणार तिच्याशी? रस्त्यावर गाडीचा हॉर्न? आमच्या खुणा आमच्या चार भिंतींपुरत्या. मंद्रूपला माझ्या आईलासुद्धा येत नाहीत.

हे सगळं म.ला नीट सांगायचं होतं. सांगताना एकही शब्द वाकडा गेला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. म्हणून त्याला वाटलं असेल, मला काही पडलेली नाही.

२६ जाने., सोमवार

संध्याकाळी सहाला माग थांबले. मला वाटलं लाईट गेली. दिवा तर चालू. खाली गेले. मामांनी मेन बटण बंद केलेलं, हात पुसत उभे. "रोज सा ते सात बंद. तुला काय शिकवायचं ते शिकव. खोली-बिली बघू नको."

ऑर्डरचं काय, म. म्हणाला. मामांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. बघितलं नाही म्हणजे ऐकलंही नाही.

३१ जाने.

पाच दिवस झाले. त्या तासात घरातले आवाज कळायला लागले. पंख्याची करकर, घड्याळ, आत्यांचा घसा साफ करणं. मामांचं कळत नाही, ते अजून ओरडूनच बोलतात. मॅडमकडं तपासायला चला म्हटलं तर म्हणतात आधी पोरीचं बघा.

मशीनं लावून पाठीमागून हाका मारते. दुर्वा. दुर्वा. रोज शंभरेक तरी. वळत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी दवाखान्यातून फोन. ऑपरेशनला पुढच्या आठवड्यातली तारीख मिळतेय. सोमवारपर्यंत दोघांच्या सह्यांचा फॉर्म द्या, नाही तर ती दुसऱ्या मुलाला जाईल. म.ला सांगितलं. मान हलवली. त्यातून काय समजायचं ते समजा.

सहाला माग बंद. सगळे वरती. मशीनं लावली. दु.नं हात वर केला, पंजा मिटला. लाईट गेली. कुणीच उत्तर दिलं नाही, ठरलंच आहे तसं. मी मागून म्हणत होते, नाही गं, लाईट आहे, दुर्वा. तिनं वरच्या दिव्याकडं बघितलं. तो जळतोय. परत खूण केली. मामांकडं गेली. मामांनी हात पाठीमागं बांधलेले. आत्यांकडं गेली. आत्यांचे हात पदराखाली, आणि डोळ्यांना नुसती धार. म.कडं गेली. त्यानं हात खिशात घातले.

मग माझ्याकडं आली. माझा हात दोन्ही हातांनी ओढून घेतला. मी मूठ घट्ट मिटलेली. तिनं एकेक बोट धरून उघडायला सुरुवात केली. करंगळी, मग शेजारचं. माझ्याकडं वर बघत. बोल म्हणून.

मी हात हलवला नाही. तोंडानं म्हणत राहिले. दुर्वा. दुर्वा. दुर्वा. आवाज फाटला माझा. तीन महिन्यांत पहिल्यांदा रडले, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन, आणि ते तिनं बघितलं, ऐकलं नाही.

म. उठला. खिडकीतला फॉर्म घेऊन गच्चीवर गेला.

सातला मामांनी माग चालू केले. वाट्या नाचायला लागल्या. दु.चा जीव भांड्यात पडला, हात वर करून मिटलेला पंजा उघडला. लाईट आली. माझे डोळे पुसले, गालाला दोन बोटं लावली आणि मांडीवर झोपून गेली.

म. अजून वरच आहे. ही उठेपर्यंत मला हलता येत नाही.